पापडाच्या डब्यातला आरसा

सामान बांधायच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. माझे वडील फौजेत होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. काळ्या लोखंडी ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने घातलेले नंबर आणि आईचे नियम यांत माझं लहानपण गेलं. पोचल्यावर आधी लागणार ते सगळ्यांत वर. पलंगाचे स्क्रू काढले की पिशवीत भरायचे नाहीत, ज्याच्या त्याच्या भोकात परत फिरवून ठेवायचे. आणि ट्रंक बंद केली की हलवून कान लावायचा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडायची. जे मोकळं राहिलं ते फुटणार, हे आईचं म्हणणं, आणि ते कधी खोटं ठरलं नाही.

वडिलांची शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत होती. तिथूनच माझं लग्न झाशीत झालं, मानिक चौकामागच्या गल्लीतल्या एका मराठी घरात. या लोकांचा कुणी पूर्वज भिक्षुकी करायला म्हणून महाराष्ट्रातून झाशीला आला आणि नंतर दोनशे वर्षं कुणी हललं नाही. त्याने तेव्हा सामान कसं बांधलं असेल देव जाणे, पण ती विद्या त्याच्याबरोबरच संपली. एकदा ग्वाल्हेरला लग्नाला जाताना सासूबाईंनी लोणच्याची बरणी रेशमी पातळात गुंडाळलेली मी पाहिली. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या दिवसापासून घरातलं बांधाबांधीचं खातं माझ्याकडे आलं.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. झाशीच्या जुन्या घरांत हा शब्द अजून टिकून आहे. ते सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील मात्र भिक्षुकी करणारे. ग्रहण लागलं की घरातली दारं-खिडक्या बंद, आणि पोरं आत. अशाच एका ग्रहणात लहानपणी मामंजी अंधाऱ्या खोलीत बसले होते. दाराच्या फळीला एक बारीक भोक होतं. त्यातून आलेला उन्हाचा ठिपका रोज गोल पडायचा, तो त्या दिवशी भिंतीवर कोरीसारखा पडला. "आम्हाला ज्याच्यापासून लपवलं, तोच घरात येऊन दाखवून गेला," असं ते म्हणत. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली होती की सुरुवात झाली की मी शेवट सांगत असे.

निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हाताने दुर्बिणीचा आरसा घासला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर एक जाड काच बसवायची, तिच्यावर दुसरी काच, मधे बारीक पूड आणि पाणी, आणि टाकीभोवती फिरत फिरत घासत राहायचं. दोन हिवाळे हे चाललं होतं. सासूबाई म्हणत, "देवाला कधी एवढ्या प्रदक्षिणा घातल्या नाहीत जी तुम्ही." मग त्या आरशावर दिल्लीहून ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणला. कूलर बनवणाऱ्याकडून पत्र्याची लांब नळी करून घेतली. दुर्बीण गच्चीवर उभी राहिली ती राहिलीच. मामंजींनी तिच्यातून शनी पाहिला, सगळ्या गल्लीला दाखवला. फक्त सासूबाईंनी पाहिला नाही. "तुम्ही पाहिलात, मला पावला," एवढं बोलून त्या खाली जात.

पुढे मामंजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. हा आजार कडेकडून खात येतो. समोरचं माणूस दिसतं, पण बाजूचं दार दिसत नाही. ते खांद्याने चौकटींना धडकू लागले. डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते पाहू.

त्याच सुमाराला बातमी आली की त्या वर्षी दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, खग्रास सूर्यग्रहण आहे. झाशीत सूर्य जवळजवळ पूर्ण झाकला जाणार होता. या 'जवळजवळ'ने मामंजींची झोप उडवली. पूर्ण ग्रहण दिसणारा पट्टा कानपूरच्या रस्त्यावर, यमुनेकाठच्या काल्पीवरून जात होता. त्यांनी मला गच्चीवर बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाई, ही काल्पीला न्यायची. माझ्या आरशातून मला ते एकदा बघायचंय. पुढच्या ग्रहणाला माझे डोळे नसतील."

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तेव्हा माझी ना असण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या ह्यांना यायला जमणार नव्हतं, कारण रेल्वेत ग्रहणाची सुटी नसते. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांच्या माहेरी आणि सासरी मिळून ग्रहणात उंबरा ओलांडलेलं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी करंज्या लाटत होते, तेव्हा माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, "जायचं तर जा. मी काय अडवणार? पण मी तुला सांगून ठेवते. त्यांचे जेवढे डोळे घेऊन चाललीस, तेवढे परत आण."

मी म्हटलं, आणीन.

मग मी कामाला लागले. दुर्बीण खोलताना प्रत्येक स्क्रू आईच्या नियमाने आपापल्या भोकात परत बसवला. जिथे दोन भाग जुळतात तिथे दोन्हींवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली, म्हणजे तिथे गेल्यावर रेघेला रेघ लावली की काम झालं. डोळा लावायच्या भिंगांना वडिलांचे जाड लोकरी मोजे घातले. नळीभोवती दोन रजया. दिवाळीपर्यंत कूलर बंद झालेले असतात, त्यांतल्या लाकडी भुशाच्या गाद्या काढून मी जीपच्या तळाला अंथरल्या, पण भुसा झडतो म्हणून आरशाला त्यांच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

आरसा हाच खरा जीव. त्याच्या मुलाम्याला बोट लागलं तरी डाग पडतो. घरभर शोधून शेवटी मी पापडाचा स्टीलचा डबा रिकामा केला. गोल, पसरट, झाकण घट्ट. आरसा जणू त्याच्याच मापाने घासला होता. जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या कडेने ठासून भरल्या, तोंडावर काही टेकणार नाही असं पाहिलं, झाकण लावलं, हलवलं, कान लावला. गप्प. दिवाळीत पोरं घरभर फटाके आणि पणत्या घेऊन नाचत असतात, म्हणून डबा स्वयंपाकघरातल्या फडताळात सर्वांत वर ठेवला. घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती, असं मला वाटलं.

लक्ष्मीपूजन आटोपून, जराशी पाठ टेकून आम्ही भल्या पहाटे निघालो. जीपचा ड्रायव्हर समथरचा. त्याने रजईतली ती लांब नळी पाहिली आणि विचारलं, "काए बहूजी, तोप लै जा रईं का?" मी म्हटलं, "नहीं भैयाजी, तोप से भी नाजुक है, तनक धीरे चलाइयो." तो हसला आणि हळू चालवायचं कबूल करून चिरगाँव यायच्या आधीच विसरला. तो रस्ता काय वर्णावा! खड्डा चुकवायचा तर शेजारचा त्याहून मोठा. मामंजी पुढच्या सीटवर, पापडाचा डबा मांडीवर. दोन्ही हातांनी धरलेला, आणि प्रत्येक धक्क्याला डब्याबरोबर स्वतःही वर उचलले जात होते. मी मागून सारखी म्हणत होते, "मामंजी, टेकून बसा." ते म्हणत होते, "मी टेकलो तर धक्का याला लागेल."

उजाडता उजाडता उरई मागे पडली. काल्पीच्या अलीकडे, पूर्वेला मोकळं दिसेल असं एक शेत आम्ही निवडलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळं जग दारं लावून आत बसलेलं. ड्रायव्हरनेही आम्हाला सामान उतरवून दिलं आणि जीपच्या काचा वर करून आत बसून राहिला.

मी रेघेला रेघ जुळवून नळी उभी केली. एक स्क्रू हरवला नव्हता. मनातल्या मनात आईला नमस्कार केला आणि पापडाचा डबा उघडला.

आत सर्वांत वर सुती कापडाची एक जाड घडी होती. ती मी ठेवलेली नव्हती. घडी उचलली, तर आरशाच्या तोंडावर, अगदी मधोमध, तुळशीचं एक पान चिकटलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय झालं ते समजायला वेळ लागला नाही. ग्रहणाचे वेध लागायच्या आधी सासूबाई घरातल्या प्रत्येक डब्यात, दुधात, लोणच्यात, पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकत. मी तो डबा फडताळात इतर डब्यांच्या रांगेत ठेवला होता. त्यात अवसेला तुळस तोडत नाहीत, म्हणून आदल्या दिवशीच तोडून वाटीत पाण्यात घालून ठेवलेली. म्हणजे पान ओलंचिंब. आणि वाटेत ते हलू नये म्हणून वर कापडाची घडी दाबून बसवलेली! चिरगाँवचे, उरईचे सगळे खड्डे त्या पानाने आरशावर चोळून घेतले होते. ज्या आरशाला मी श्वाससुद्धा लागू दिला नव्हता, त्याच्यावर हिरवट-तपकिरी रस पसरून वाळला होता.

"मामंजी," मी ओरडलेच, "हे बघा आपल्या घरचं सामान बांधणं!"

त्यांनी डबा डोळ्यांजवळ नेला. नखाने पान अलगद उचललं. खाली पानाच्याच आकाराचा डाग राहिला. मी पदर ओला करून पुढे झाले, तसे ते माझ्यावर खेकसले, "हात लावू नकोस! पुसलंस तर चरे पडतील आणि सगळाच जाईल." मग म्हणाले, "मधोमध आहे ना? मग असू दे. आरशाच्या मधल्या भागावर छोट्या आरशाची सावली पडते. तो भाग तसाही काही बघत नाही."

हे मला ठाऊक होतं. शाळेत फळ्यावर आकृती काढून मी हेच शिकवत असे. पण त्या घटकेला रागाने डोकं असं भरलं होतं की मला ते सुचलं नाही. तशीच धुसफुसत मी आरसा नळीच्या तळाशी बसवला.

खरी अडचण पुढेच होती. अशा दुर्बिणीत तळाला मोठा आरसा आणि तोंडाजवळ तिरका छोटा आरसा असतो. दोघांनी एकमेकांच्या अगदी समोर बघायला हवं, नाहीतर चित्र फुटकं दिसतं. मोठ्या आरशाच्या पाठीला तीन स्क्रू असतात, ते पिळून त्याचं तोंड नेमकं फिरवायचं. गच्चीवर बसवल्यापासून या दुर्बिणीला कुणी हलवलं नव्हतं, तेव्हा हे काम मामंजींनी एकदाच केलं होतं. आता सगळं बिघडलं होतं. एकाने भिंगाच्या जागी डोळा लावून आत बघायचं आणि दुसऱ्याने मागे स्क्रू फिरवायचे. मी मागे बसले, ते बघू लागले.

छोट्या आरशाची सावली मोठ्या आरशाच्या बरोबर मधे आणायची असते. मधलं ठरवायचं ते कडेवरून. सगळ्या बाजूंनी कड सारखी दिसली की मधे आलं. आणि मामंजींना कडच दिसत नव्हती. त्यांचा आजार कडा खाणारा. घरी चौकट दिसायची नाही, तशी इथे आरशाची कड दिसेना.

"उजवीकडे किती आहे?" मी विचारलं.

"दिसत नाही."

मी जाऊन पाहिलं, पण मी हे आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. मला चार-चार गोल एकात एक दिसले आणि कुठला कुणाचा तेच समजेना. नळीच्या तोंडाला लहान भोकाचा पुठ्ठा लावून आम्ही सूर्याचं चित्र पांढऱ्या कागदावर घेतलं. ते धूसर, फरफटल्यासारखं. आणि त्याला वरून चावा पडलेला होता. ग्रहण लागलं होतं. घरात आम्हा सगळ्यांना हसवणारे मामंजी शेतातल्या ढेकळावर बसले आणि म्हणाले, "राहू दे, सूनबाई. कागदावर दिसलं तेवढं पुष्कळ झालं. लहानपणीही भिंतीवरच पाहिलं होतं." त्यांचं ते बोलणं ऐकून मला रडू आलं. मी रडले, आणि रडता रडता म्हटलं, "एकदा. अजून एकदाच बघा."

ते उठले. नळी सूर्यावरून बाजूला फिरवली, डोळा लावला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पान दिसतंय," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, डाग. पानाचा डाग दिसतोय. मधलं दिसतंय मला! फिरव, वरचा स्क्रू फिरव. थोडा. उलटा. आता डावा."

त्यांना कड दिसत नव्हती, पण समोरचं दिसत होतं, आणि आरशाचा मध्य आता त्यांच्या समोर खूण करून उभा होता. मी स्क्रू पिळत गेले, ते सांगत गेले, आणि सावली त्या डागावर येऊन बसली. कागदावर पुन्हा चित्र घेतलं. कोर आता सुरीने कापल्यासारखी स्वच्छ होती.

ऊन पातळ होत गेलं. गारवा आला. दूर कुठेतरी कुत्री ओरडू लागली आणि ड्रायव्हर जीपमध्ये मोठ्याने रामनाम घेऊ लागला. मी कागदावरच्या कोरीवर नजर ठेवून होते. ती धाग्याएवढी झाली, तुटली, विझली. मी पुठ्ठा काढला आणि म्हटलं, "बघा!"

मामंजी वाकले. मी त्यांच्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरून उभी राहिले. हे आमचं आधीच ठरलेलं होतं, कारण सूर्य परत उघडायच्या आत त्यांना ओढून काढायचं काम माझं होतं. मी वर पाहिलं, साध्या डोळ्यांनी. काळा गोल आणि त्याभोवती पांढऱ्या पिसांसारखा उजेड. ते सुंदर होतं, पण खरं सांगते, मला तेवढंच आठवतं. माझं सगळं लक्ष मुठीतल्या कॉलरकडे होतं.

"कड दिसतेय," मामंजी म्हणाले. "पूर्ण. चहूबाजूंनी. लाल लाल ज्वाळा आहेत कडेला." ज्या माणसाला बाजूचं दार दिसत नव्हतं, त्याच्यासाठी दुर्बिणीने सूर्याची अख्खी कड ओढून समोर आणून ठेवली होती.

एका बाजूने उजेड दाटू लागला तशी मी कॉलर मागे खेचली आणि पुठ्ठा लावला. ते जवळजवळ पडलेच. "अजून थोडं होतं की!" म्हणून माझ्यावर चिडले. मी म्हटलं, "थोडं राहू दे. मला घरी हिशेब द्यायचाय."

घरी पोचलो तेव्हा सासूबाई न्हाऊन, ओल्या केसांनी दारात उभ्या होत्या. त्यांनी ग्रहण विचारलं नाही, काही नाही. मामंजींच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सांगा, मी कुठल्या रंगाचं नेसलेय?"

"आमसुली. आणि काठाला डाग पडलाय, करंजीच्या तुपाचा."

तेव्हा त्या खाली बसल्या.

मी रस्ताभर ठरवलं होतं की डब्याचा विषय काढायचा आणि चांगलं खडसावायचं. पण मामंजींनीच सगळं सांगितलं, खड्ड्यांपासून डागापर्यंत, एक शब्द न गाळता. सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "डबा उघडला तर आत तुमचा आरसा. मग म्हटलं, याला तर सगळ्यांत जास्त गरज. आणि मधोमधच ठेवतात पान, नैवेद्यावर ठेवतात तसं. कडेला कोण ठेवतं जी?"

मी चहा टाकायला उठले.

आरशाला पुन्हा मुलामा द्यायचा विषय निघाला की मामंजी टाळायचे. चार-पाच वर्षांत त्यांची नजर पूर्ण गेली. दुर्बीण मात्र त्यांनी गच्चीवर ठेवायला लावली. रोज संध्याकाळी ते जाऊन तिच्या नळीवर हात फिरवून येत.

मग एका उन्हाळ्यात गच्चीची फरशी उखडून नवी घातली. त्यासाठी मी दुर्बीण खोलून, बांधून खाली आणली आणि काम झाल्यावर परत वर नेऊन बसवली. म्हणजे आरसे पुन्हा जुळवणं आलं. दिवेलागणीची वेळ होती. मामंजी मागे बसले, स्क्रूंवर बोटं ठेवून. "सूनबाई, तू बघ," ते म्हणाले. मी पुढे होणार, तोच सासूबाईंनी मला हाताने बाजूला सारलं. ग्रहणाच्या वर्षीचं ते आमसुली पातळ आता घरात वापरून विटलं होतं. त्यांनी त्याचा पदर कमरेला खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीला डोळा लावला.

"पान कुठंय?" मामंजींनी विचारलं.

"वरच्या अंगाला आहे."

त्यांनी स्क्रू फिरवला. "आता?"

"थोडं अजून. बस, बस. आता मधोमध."

मी भिंग बसवलं आणि नळी शनीवर फिरवली. सासूबाई वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मामंजी मान उंचावून, आवाजाच्या दिशेने चेहरा करून बसले होते.

"दिसलं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं हो."

"मग गप्प का? सांग ना मला. कडेपासून सांग."

आणि सासूबाई डोळा न काढता त्यांना कडेपासून सांगू लागल्या.